मंजुरीच्या प्रतीक्षेत

मित्रांनो, मी एक बंद पडलेली वेबसाइट आहे. माझा जुना पत्ता टाकून बघायच्या भानगडीत पडू नका. तिथे आता कोणीतरी केस उगवायचं तेल विकतंय. मी स्वतः एका सीडीवर आहे, आणि ती सीडी भोरमध्ये फौजियाच्या कपाटात, जुन्या ओढण्यांच्या खाली पडली आहे. इतकी वर्षं कोणी विचारलं नाही, त्यामुळे गोडगोड बोलायची माझी सवय गेली. माझं बोलणं कडू लागलं तर लागू दे.

माझा जन्म दोन हजार पाच सालचा. भोरमधल्या एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष पुण्याला कुठल्याशा समारंभाला गेले आणि तिथे दुसऱ्या एका संस्थेची वेबसाइट बघून आले. झालं! दुसऱ्या दिवशी कार्यालयात फर्मान सुटलं, "आपलीपण पाहिजे. आणि त्यांच्यापेक्षा भारी पाहिजे." अध्यक्षांना सगळे साहेब म्हणत, तर मीही साहेबच म्हणते.

हे काम फौजियाकडे आलं. फौजिया म्हणजे संस्थेच्या गाडीवर ड्रायव्हर असलेल्या जलीलभाईंची थोरली लेक. रोज एसटीने पुण्याला जाऊन-येऊन तिने वेबसाइट बनवायचा कोर्स केला होता. पोरगी हाताने चलाख आणि डोक्याने त्याहून. संस्थेने तिला एक जुना कॉम्प्युटर दिला, दाराला कडी नसलेली एक खोली दिली आणि म्हटलं, कर.

तेव्हाच्या बऱ्याच वेबसाइट म्हणजे लग्नपत्रिकाच. एकदा छापली की छापली. त्यात एक अक्षर बदलायचं तरी बनवणाऱ्याला बोलवावं लागे. फौजियाने मला तशी केली नाही. तिने माझा सांगाडा वेगळा ठेवला आणि मजकूर वेगळा. मजकूर माझ्या पोटातल्या कोठारात राहायचा, आणि कोणी मला उघडलं की त्यातलं ताजं तेवढं पानावर यायचं. कार्यालयातल्या माणसांना ती समजावून सांगायची, "हे बघा काका, ताट तेच. वाढायचं रोज वेगळं. वाढायला मी नसले तरी चालेल. तुम्ही इथं लिहा, हे बटण दाबा, की जगाला दिसलं."

हेडक्लार्क गेनबाकाका चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "म्हंजे म्या लिवलेलं अमेरिकेत दिसंल?"

"दिसेल की."

"नको बाई. हितल्या हितं दिसलं तरी साहेब ओरडत्यात."

त्या वेळी सगळे हसले. मीसुद्धा हसले असते, पण मला हसायची सोय नव्हती.

साहेबांनी मात्र एक अट घातली. "माझ्या मंजुरीशिवाय एक अक्षर बाहेर जाता कामा नये." मग फौजियाने माझ्यात एक कुलूप बसवलं. कोणीही काहीही लिहिलं तरी ते आधी पोटात जाऊन बसायचं, आणि त्याच्यापुढे अक्षरं उमटायची, 'मंजुरीच्या प्रतीक्षेत'. साहेबांनी त्यांच्या परवलीच्या शब्दाने आत येऊन बटण दाबलं, तरच ते जगाला दिसायचं. तोवर जुनंच दिसत राहायचं. बाहेरच्या माणसाला आत काही वाट बघतंय याचा पत्ताही लागायचा नाही.

माझं उद्घाटन थाटात झालं. मॉनिटरला हार घातला, समोर नारळ फोडला, कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं. 'अ' आणि 'क' ही दोन बटणं त्यानंतर महिनाभर चिकटत होती. साहेब भाषणात म्हणाले, "आजपासून आपल्या संस्थेत पत्रव्यवहार बंद! ज्याला जे बघायचं ते वेबसाइटवर बघेल." टाळ्या पडल्या. माझंही ऊर भरून आलं, खोटं कशाला बोलू? त्या टाळ्यांत किती जणांचा घात होता हे तेव्हा कळलं असतं, तर मी त्याच दिवशी बंद पडले असते.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. निकाल लागले, सुट्ट्या लागल्या, गॅदरिंगचे फोटो लागले. भोरची मुलं शहरात नोकरीला गेलेली, ती मला उघडून आपली शाळा बघायची. मंजुरीची तऱ्हा मात्र ऐकण्यासारखी होती. साहेबांना पडद्यावर वाचायची सवय नव्हती. म्हणून फौजिया मजकूर कागदावर छापून द्यायची. साहेब हिरव्या शाईने त्यावर सही करायचे. तो कागद फायलीला लागायचा. मग कधीतरी साहेब खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसायचे, गेनबाकाका माऊस धरायचे आणि साहेब अंगठीच्या बोटाने एक बटण दाबायचे. एकदा फौजियाने साहेबांच्या फोटोखालचं चुकीचं वर्ष न विचारता दुरुस्त केलं. साहेबांनी तिला लेखी ताकीद दिली, आणि जलीलभाईंना गाडीतून उतरवून विचारलं, "लेक फार शहाणी झाली का रे?" एका घरातल्या दोन नोकऱ्या एका माणसाच्या हातात असल्या की तोंड उघडायची चोरी असते. त्या दिवसानंतर फौजियाने त्या कुलपाला कधी हात लावला नाही.

दोन हजार सहा साली संस्थेने मुलींसाठी नर्सिंगचा वर्ग काढला. अर्ज आले. मुलाखतीची तारीख ठरली सत्तावीस सप्टेंबर, नवरात्रातली पाचवी माळ. साहेबांनी ती मंजूर केली आणि मी ती ठळक अक्षरांत मिरवू लागले. पत्रं अर्थातच कोणाला गेली नाहीत.

त्या अर्जांत एक अर्ज रत्नाचा होता. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरात पाच-सहा घरांची वस्ती आहे, तिथली ही पोरगी. बाप हैबती शेळ्या आणि गुरं राखणारा. घरात अक्षर ओळखणारी एकटी रत्नाच. गुरांच्या औषधाच्या बाटलीवरचं, ग्रामपंचायतीच्या कागदावरचं, फवारणीच्या औषधाच्या पुडीवरचं, सगळं तीच वाचायची आणि हैबती तिच्या शब्दावर चालायचा. वस्तीवरच्या बाळंतपणात अडलेल्या बाईला खाली न्यायचं तर झोळी करावी लागते, म्हणून रत्नाला नर्सच व्हायचं होतं. हैबतीच्या मनात तिचं लग्न होतं. पण तो म्हणाला, "एकडाव जा. झालं तर झालं. न्हाई झालं तर पुन्ना नाव काडायचं न्हाई." रत्नाच्या हातात ही एकच संधी होती, एवढं लक्षात असू द्या.

पितृपंधरवडा लागला आणि वरून निरोप आला. वर्गाची तपासणी लवकर होणार, त्याआधी प्रवेश पुरे करा. मुलाखत सत्तावीसऐवजी तेवीसला, म्हणजे घटस्थापनेलाच घ्यायची ठरली. फौजियाने त्याच दिवशी नवी तारीख माझ्यात लिहिली आणि कागद साहेबांपुढे ठेवला.

साहेब म्हणाले, "आता नाही. पितृपंधरवडा आहे."

"साहेब, फक्त तारीख बदलायची आहे."

"नवी तारीख म्हणजे नवंच काम की! पंधरवड्यात मी नव्या कामावर सही करत नाही. माझ्या वडलांनी केली नाही, मी करणार नाही. घटस्थापनेला सकाळी चांगला मुहूर्त आहे, तेव्हा करू."

"पण साहेब, मुलाखतच घटस्थापनेला आहे."

"मग चांगलंच की. एकाच दिवशी दोन शुभ कामं."

ऐकलंत मित्रांनो? जुनी खोटी तारीख जगाला दाखवत राहणं अशुभ नव्हतं, खरी तारीख दाखवणं अशुभ होतं. गेनबाकाकांनी त्यातल्या त्यात एवढं केलं, की ज्यांच्या अर्जावर फोन नंबर होता त्यांना फोन लावले. रत्नाच्या अर्जावर फोनच्या रकान्यात आडवी रेघ होती. फौजिया काकांना म्हणाली, "हिला एक कार्ड तरी टाका." काका म्हणाले, "पत्रव्यवहार बंद हाय. जावक रजिस्टरला काय लिवू?" मग फौजियाने स्वतः पोस्टातून कार्ड आणून टाकलं. त्यावर 'मुलाखत तेवीस सप्टेंबरला' एवढंच होतं, आणि ते वस्तीवर पोचलं दिवाळीच्या सुमाराला.

फौजियाला आतून ती तारीख बदलता आली नसती का? आली असती. कुलूप तिनेच बसवलं होतं. एका दुपारी ती माझ्यासमोर बसली, बाण त्या बटणावर नेला आणि तसाच धरून ठेवला. मी मनात म्हणत होते, दाब गं, दाब. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. जलीलभाई शाळेतल्या मुलांना सोडून परत आले होते. तिने बाण काढून घेतला.

त्याच पंधरवड्यात रत्ना डोंगर उतरून वेल्ह्याला आली. सोमनाथच्या एसटीडी बूथवर एक कॉम्प्युटर होता. सोमनाथने मला उघडलं. मी उघडता उघडता त्याचा एक चहा पिऊन झाला, एवढी तिथली लाइन हळू. मग रत्नाचा चेहरा पडद्याजवळ आला. तिने बोट ठेवून वाचलं, "मुलाखत, सत्तावीस सप्टेंबर." पुन्हा एकदा वाचलं. म्हणाली, "पाचवी माळ. आबांच्या ध्यानात ऱ्हाईल."

बरोबर तारीख माझ्या पोटात होती. तिच्या बोटापासून असं कितीसं अंतर? पण मला तोंड दिलं होतं ते साहेबांच्या मर्जीचं. जो मजकूर बदलता येतो म्हणून माझं एवढं कौतुक झालं, तोच माझ्या गळ्यात अडकून बसला आणि मी त्या पोरीला बिनदिक्कत खोटं सांगितलं. थू तसल्या जिण्यावर!

घटस्थापनेचा दिवस उजाडला. बाहेर व्हरांड्यात बाकावर मुली बसल्या होत्या, आणि आत साहेबांनी मुहूर्त पाहून त्यांच्याच मुलाखतीची तारीख मंजूर केली. सत्तावीसची तेवीस झाली. दुपारपर्यंत सगळ्या जागा भरल्या, यादी वर गेली.

पाचव्या माळेला हैबती आणि रत्ना आले. हैबतीने गुरं शेजाऱ्याच्या ओटीत घातली होती, धुतलेला फेटा बांधला होता. फौजिया त्या दिवशी इंटरनेटवरच्या माझ्या जागेचं वर्षाचं भाडं भरायला पुण्याला गेली होती. कार्यालयात गेनबाकाका एकटे.

"मुलाखत? ती कवाच झाली," काका म्हणाले.

रत्ना म्हणाली, "आज हाय ना? वेबसाइटवर सत्तावीस हाय."

"न्हाई बाय. तेवीस हाय. हे बग." काकांनी मला उघडलं आणि पडदा तिच्याकडे फिरवला.

रत्नाने वाचलं. तेवीस. तिने बोट ठेवून पुन्हा वाचलं. तेवीसच. "म्या सत्तावीस वाचलं व्हतं," ती म्हणाली, पण आवाज निम्मा झाला होता. बापाकडे वळून म्हणाली, "आबा, दोनदा वाचलं म्या."

हैबती पडद्याकडे बघत राहिला. त्याला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. तो काकांना म्हणाला, "हितं तेवीसच लिवलंय न्हवं?"

"व्हय."

"मशीन कशाला खोटं बोलंल?" हैबती लेकीला म्हणाला. "वाचायला चुकलीस तू. चार दिस आधी आलो असतो की गं!"

आणि गेनबाकाका गप्प बसले. त्यांना सगळं ठाऊक होतं. एक वाक्य पुरे होतं, 'बाबा, आम्हीच मागाहून बदललं.' पण निवृत्तीला थोडे महिने राहिले होते, आणि साहेबांच्या पंधरवड्याची गोष्ट परक्यापुढे कोण काढणार? त्यांनी चष्मा पुसायला घेतला. बापलेक नसरापूरच्या गाडीला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी काकांनीच फौजियाला सांगितलं. तिला मुळी बसवेना. ती साहेबांकडे गेली, एक जागा वाढवून घ्या म्हणाली. साहेब म्हणाले, यादी गेली. ती पुन्हा गेली. साहेब म्हणाले, "कॉम्प्युटरची चूक झाली म्हण आणि विषय संपव. संस्थेची अब्रू जाते." आता ह्याला काय म्हणावं! चोर सोडून संन्याशाला सुळी. पण तिने विषय काही संपवला नाही. माझ्या पोटात प्रत्येक बदलाची नोंद राहते, आधी काय होतं, नंतर काय झालं, कोणी कधी मंजूर केलं. ती नोंद आतल्या माणसालाच दिसते. रोजे संपले, ईद झाली, आणि बाजाराच्या दिवशी फौजिया एसटीने वेल्ह्याला गेली.

ती सोमनाथच्या बूथवर आली आणि तिथल्या पडद्यावर मला उघडून बसली, म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं. सोमनाथ म्हणाला, "रत्ना का? येतील आता बाजाराला. पण काय सांगू ताई, हैबतीबाबा आता कागद माझ्याकडं घिऊन येतो वाचायला. परवा गुरांच्या औषधाची बाटली आणली व्हती. घरात बारावी झालेली लेक असून! म्हनतो, तिच्या वाचन्याचा भरवसा न्हाई."

थोड्या वेळाने बापलेक आले. फौजियाने त्यांना हात जोडून आत बोलावलं, आपण कोण ते सांगितलं आणि म्हणाली, "बाबा, तुमची मुलगी चुकली नव्हती. हिने बघितलं तेव्हा इथं सत्तावीसच होतं. आम्ही नंतर बदललं. हे बघा, सगळं लिहिलेलं आहे."

तिने नोंदीचं पान उघडलं. सत्तावीस. त्याखाली तेवीस, मंजुरीच्या प्रतीक्षेत. त्याखाली मंजूर, घटस्थापनेची सकाळ. जन्माला आल्यापासून मी पहिल्यांदा बाहेरच्या माणसापुढे पोट उघडून उभी होते.

हैबती पुढे झाला. त्याने पडद्यावरून हात फिरवला. मग बाजूला सरकून लेकीला जागा करून दिली. "रत्ने, वाच बरं काय लिवलंय ते."

रत्ना जागची हलली नाही.

"वाच की."

"न्हाई आबा," ती म्हणाली. "तुमी सोमनाथभाऊकडनं वाचून घ्या. माझं वाचलेलं तुमाला पटत न्हाई."

सोमनाथने मान खाली घातली. शेवटी फौजियाने वाचलं, एकेक ओळ. हैबतीने फेटा काढून मांडीवर घेतला. मग म्हणाला, "बरोबर वाचलं व्हतंस मग."

"व्हय."

"बाय, आता काय करता येतंय का?" त्याने फौजियाला विचारलं.

"या वर्षी नाही, बाबा. पण पुढच्या वर्षी मी स्वतः..."

"पुडल्या वर्साचं नका बोलू, ताई," रत्ना म्हणाली. "दसऱ्याला माझी सुपारी फुटली."

ती पिशवी उचलून बाजाराकडे निघून गेली. हैबती तिथेच बसून राहिला.

ही गोष्ट साहेबांच्या कानावर गेलीच. फौजियाची नोकरी गेली, आणि जलीलभाई तर त्यानंतर आपणहून गाडीच्या किल्ल्या ठेवून आले. जाण्याआधी फौजियाने माझी नक्कल या सीडीवर उतरवून घेतली. संस्थेने दुसरा माणूस बोलावून नवी वेबसाइट करून घेतली. तिच्यात बदलण्यासारखं काही नाही. साहेबांचा फोटो आहे आणि फोटोखाली शुभेच्छा आहेत. साहेब खूश आहेत. रत्ना सासरी नांदते, एवढंच फौजियाच्या बोलण्यातून कळलं. तिथे ती वाचते की नाही, ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, आता तुम्हीही माझ्यासारख्या वेबसाइट बनवाल, चालवाल. मला तेलपाणी नको, हार नको, नारळ तर मुळीच नको. एकच मागणं आहे. तारीख बदलावी लागली तर खुशाल बदला, पण जुनी तारीख गुपचूप गिळू नका. ती आडवी रेघ मारून तिथेच दिसू द्या, आणि शेजारी लिहा की ही आम्ही बदलली. कारण तुमची जुनी तारीख कोणीतरी खरी मानून, बोट ठेवून, दोनदा वाचलेली असते. तुम्ही ती पुसलीत की तुमची चूक पुसली जाते, आणि ती त्या वाचणाऱ्याच्या कपाळी लागते.